नव्या तांदळाचा परवाना

मी गोष्ट सांगायला बसलो की आमच्या घरातली मुलं आधी विचारतात, "हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय?" मला हा प्रश्न फार अडचणीचा पडतो. माझ्या निम्म्या गोष्टी त्याच्यापुढे उभ्याच राहत नाहीत. तो मी त्यांना शिकवलेला नाही. गोंदियाच्या आमच्या घरमालकांकडून तो आमच्यात आला. त्यांच्याकडून निघताना काकूजींनी दिलेलं एक पितळी घंगाळ आणि हा प्रश्न, एवढंच काय ते आम्ही बरोबर आणलं. घंगाळ गळायला लागलं. प्रश्न अजून शाबूत आहे.

घरमालकांना सगळी गल्ली काकाजी म्हणे. स्टेशनच्या मागे, राइस मिलच्या भिंतीला लागून त्यांचं कौलारू घर होतं. मूळ गाव गोरेगावकडे. शेती तिकडेच, बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर कसायला दिलेली. मी तेव्हा इंग्रजी शाळेत नवा मास्तर होतो आणि गोंदियात शेक्सपिअर समजणारा मीच एकटा असं मला वाटे. लग्नही नवंच होतं, त्यामुळे ते ऐकून घेणारं माणूस घरात होतं.

खोली पाहायला गेलो तेव्हा ओट्यावर काकाजी बसलेले. उंच, वाळके, डोक्याला पांढरं पागोटं. मी विचारलं, "काकूजी आहेत का घरात? आमच्या मंडळींना स्वयंपाकघर पाहायचं होतं."

"मघा होती. आता पाह्यलं नाई."

आतून आवाज आला, "अथीच हाये मी. कोठी जाऊन राह्यली?"

"अथीच हाये म्हनते," काकाजींनी मला सांगितलं. आवाज मलाही ऐकू आला होता, पण त्यांनी तो आपल्या अंगावर घेतला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते 'आहे' म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. भाड्याची पावती दिली तीसुद्धा 'शाळेत शिकवतो असे सांगणारे मास्तर' यांच्या नावानं. मी दुखावलो. बायकोला मात्र ती पावती इतकी आवडली की तिनं ती पेटीत जपून ठेवली आणि पुढे माझा अभिमान वर चढला की काढून दाखवायची.

शेजारच्या मिलचा भोंगा सकाळी सातला वाजे. काकाजी स्टेशनचं घड्याळ पाहून यायचे आणि भोंगा उशिरा वाजला की मिलच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे.

"आज तुमचा भोंगा खोटं बोलला."

तिथला इंजिनवाला हात जोडी. "काकाजी, आज भाप कम थी."

"मग भाप कमी हाये म्हनून वाजवा. सात वाजले म्हनून कायले वाजवता?"

तो चहा पाजायचा आणि काकाजी परत यायचे.

पण त्यांची खरी विचित्र गोष्ट होती ताटातली. दिवाळी सरली की गोंदियाभर नव्या तांदळाचा वास सुटतो. मिली रात्रंदिवस चालतात, रस्त्यांवर कोंडा उडतो, घराघरांत नवा भात शिजतो. काकाजींच्या गाड्याही गावाहून यायच्या. ते पोत्यांपासून दोन हात लांब उभे राहून सगळा माल बांबूच्या ढोलीत भरून घ्यायचे, वर शेणामातीनं तोंड लिंपायचे आणि स्वतः गेल्या सालचा तांदूळ खायचे. पुढच्या दिवाळीनंतर ही ढोली उघडायची, तोवर तो जुना झालेला. माझी तत्काळ खात्री झाली की म्हातारा कंजूष आहे आणि पोटानंही अधू. जुना तांदूळ शिजताना फुगतो, पचायला हलका. मी हे बायकोला नीट मुद्दे मांडून समजावलं.

ती म्हणाली, "त्यापेक्षा विचारा की."

मी विचारलं नाही. तिनं विचारलं, काकूजींना.

काकूजी सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्या स्वतः नवा तांदूळ खुशाल खायच्या. "भाऊ त्याहिचा, पोट माहं," म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं.

धानाच्या या मुलखात नवं खाण्याचा एक रिवाज आहे. नवा तांदूळ घरात आला की सगळे भाऊ एका पंगतीत बसतात. मोठा भाऊ पहिला घास वाडवडिलांच्या नावानं बाजूला काढतो, दुसरा धाकट्याच्या हातावर ठेवतो, मग जेवण. धाकटा परगावी असला तर त्याचा 'तुम्ही खा' असा निरोप यावा लागतो. तोवर मोठ्यानं नव्याला तोंड लावायचं नाही.

काकाजींना एक धाकटा भाऊ होता. बाप गेल्यावर दोघांनी शेत वाटून घेतलं. वरची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, मोठ्याची, खालची धाकट्याची, मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध. एका साली पावसानं शेवटी दगा दिला. धान फुलोऱ्यावर, आणि पाणी तेवढं वरच्या बांधीत. एके सकाळी धुरा फुटलेला आणि पाणी सगळं खाली. काकाजींनी गावच्या पाच माणसांपुढे सांगितलं, "यानंच फोडला. मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं."

पाहिलं नव्हतं. रागात बोलून गेले. पंचांनी धाकट्याला भरल्या चावडीत मोठ्याच्या पाया पडायला लावलं. तो काही न बोलता पडला. मग धान निघालं, नवं खायचा दिवस आला, पळसाच्या पत्रावळी मांडल्या, आणि मोठ्यानं घास पुढे केला तेव्हा धाकटा पानावरून उठला. चप्पलही न घालता गेला तो गेलाच. कोणी म्हणे नागपूर, कोणी म्हणे रंगून.

"पुढच्या सालीही धुरा तथीच फुटला," काकूजी म्हणाल्या. "पाहते तर खेकड्यानं भोक पाडलेलं. तवापासून ह्याहिचं असं होऊन बसलं. पाह्यलं नाई, पाह्यलं नाई. मी म्हनते, हे शहानपन चावडीतच सुचलं असतं तर."

बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा माझा कंजूषपणाचा सिद्धांत मी गुपचूप मागे घेतला. पोटाचा मुद्दा बरेच दिवस धरून ठेवला होता.

मिलमध्ये एक मिस्त्री नवा लागला. तो रंगूनहून आणि त्याच्याही पुढून, सयामातून फिरून आलेला. बोलता बोलता म्हणाला, बँकॉकच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर गोरेगावकडचा एक म्हातारा आहे, शिव्या अगदी आपल्याकडच्या देतो. गोष्ट ओट्यापर्यंत आली. काकाजी उठून मिलमध्ये गेले.

"तू पाह्यला?"

"पाह्यला म्हणजे? त्याच्या हातची मासळी खाल्ली."

"कानाची पाळी फाटलेली?"

"डाव्या."

काकाजी घरी आले आणि मला म्हणाले, "मास्तर, सयामात जायले काय लागते?"

मी जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता. इंग्रजी येणाऱ्या माणसाची गरज. मी ऐटीत सांगितलं की आधी सरकारी पासपोर्ट, तो भंडाऱ्याच्या डिप्टी कमिशनरमार्फत नागपुराहून. आणि सयाम काही इंग्रजांचा मुलूख नाही, म्हणून कलकत्त्याला त्यांच्या वकिलातीत जाऊन पासपोर्टवर त्यांचा परवाना. त्याला व्हिसा म्हणतात. सगळं माझ्यावर सोडा.

सोडलं असतं तर बरं झालं असतं.

"जन्मतारीख?" मी टाक बुडवून विचारलं.

"मी लहान होतो तवा. मले काय माहीत?"

"अंदाजे सांगा."

"आई सांगे, मोठ्या पुराच्या साली. लिहा, आई सांगे असं."

तसं लिहिलं. "वडिलांचं नाव?"

"ते बिनघोर लिहा. त्याले मी पाह्यलो."

"प्रवासाचं कारण. हे पाहा काकाजी, इथे आपण व्यापार लिहू. तांदळाचा व्यापार. त्यांनाही पटेल."

"मी कोनता व्यापार करतो तथी?"

"मग देशदर्शन."

"देश पाहून मी काय करू? मले भाऊ पायचा हाये."

"बरं, भावाची भेट."

ते म्हणाले, "भेट होइन का नाई, आता कसं सांगू? थो उठून गेला तर?"

शेवटी मी लिहिलं ते असं, की अर्जदाराचा धाकटा भाऊ एका मिस्त्रीनं बँकॉक येथे पाहिला असून, तो अजून तिथे असल्यास व अर्जदाराशी बोलण्यास राजी असल्यास, त्याच्यासोबत नवा तांदूळ खाणे. इंग्रजीतलं इतकं लांब वाक्य मी त्यापूर्वी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याचं व्याकरण निर्दोष होतं, हे इथे नमूद करतो, कारण दुसऱ्या कोणी ते केलं नाही.

फोटोचंही तसंच. पहिल्यांदाच काढलेला. हा माझाच चेहरा आहे म्हणून सही करायची होती. काकाजी म्हणाले, "माहं तोंड मी कोठी पाह्यलं? आरशात उलटं दिसते." काकूजींना बोलावलं. त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हाच," म्हणाल्या. "दुसरा असा कोठून आनता?" मग सही झाली.

चौकशीला ठाणेदार घरी आले. काकूजींनी पोहे केले होते. ठाणेदारांनी कागद काढला आणि हसत विचारलं, "काकाजी, आप पर कोई केस-वेस तो नहीं?"

"कोर्टात नाई."

"मतलब?"

मी खोकलो. काही उपयोग झाला नाही. चावडीतली खोटी साक्ष काकाजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, धुऱ्याच्या लांबीसकट. ठाणेदारांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"काकाजी, ये सब लिखूँगा तो पासपोर्ट नहीं मिलेगा।"

"मग नका लिहू. पन मी सांगतलं नाई, असं म्हनू नका."

ठाणेदारांनी कागदावर एक ओळ लिहिली, पोहे संपवले आणि निघाले. जाताना मला म्हणाले, "मास्टरजी, बीस साल की नौकरी में पहला आदमी मिला जिसने बिना मारे बताया।" ती ओळ काय होती ते मला ठाऊक नाही. पासपोर्ट आला.

बैलजोडी विकून तिकिटाची सोय झाली. दिवाळीनंतरची धानं निघाली तसा काकाजींनी त्याच धुऱ्याखालच्या बांधीतला नवा तांदूळ सडून घेतला आणि लहानशा पिशवीत भरला. नाताळच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन कलकत्त्याला गेलो. गाडीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि मी वकिलातीत करायचं भाषण पाठ करत होतो.

वकिलातीतले अधिकारी सयामीच होते. गोल चेहरा, हळू बोलणं, स्वच्छ इंग्रजी. मी उभा राहून सुरुवात केली. दोन देशांतले प्राचीन संबंध वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग काकाजींकडे बोट करून विचारलं, "त्यांनी पोटाशी काय धरलं आहे?"

काकाजींनी पिशवी टेबलावर उघडली.

त्या गृहस्थांनी चार दाणे तळहातावर घेतले, नखानं फिरवले आणि एक दाताखाली धरून कचकन चावला. गोंदियाच्या बाजारात कोणताही अडत्या चावतो तसा. मग मला म्हणाले, "ओला आहे. बोटीवर बुरशी धरेल."

मी मराठीत सांगितलं. काकाजींचा चेहरा पडला. जन्म धानात गेलेला माणूस. पण दाणा वाळला की नाही हे दाताला कळतं, आणि दाताला लावणं म्हणजे खाणंच की. इतक्या वर्षांत नव्या तांदळाचा दाणा त्यांनी चावलाच नव्हता. बटईदारानं वाळला म्हणून सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं. पाहिल्याशिवाय न बोलणारा माणूस नेमका इथे ऐकीव गोष्टीवर चालला होता.

"बराबर बोलते हा मानूस," काकाजी म्हणाले. "मी चावून पाह्यलो नाई."

"का नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं. तांदूळवाला दाणा चावत नाही हे त्यांना बहुधा माझ्या भाषणापेक्षा नवलाचं वाटलं. मी भाषण सोडून दिलं आणि धुरा, चावडी, पत्रावळ सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता तळहातावरचे दाणे एकेक उचलून पिशवीत परत टाकत होते.

"भावाला कळवलं आहे?"

"नाई. कळवलं तर थो पळून जाइन."

"किती दिवस राहणार?"

"एक जेवन," काकाजी म्हणाले, मग विचार करून, "थो ठेवून घेतला तर आनखी. ते आता कसं सांगू?"

अधिकाऱ्यांनी पासपोर्ट ओढून घेतला आणि शिक्का मारला.

जिन्यात मी म्हणालो, "पाहिलंत? मिळाला परवाना." त्या 'पाहिलंत'मध्ये माझ्या इंग्रजीचं श्रेय पुरेपूर होतं.

काकाजींनी शिक्का डोळ्यांजवळ धरला. "काय लिहिलं हाये?"

"ते सयामी आहे. मला येत नाही."

"मग मिळाला कसं म्हनता?"

आम्ही परत वर गेलो. अधिकाऱ्यांनी उभं राहून त्यातली अक्षरं एकेक वाचून दाखवली. एका जेवणापेक्षा बऱ्याच जास्त दिवसांची परवानगी होती.

बोट सुटेपर्यंतचा मुक्काम धर्मशाळेच्या गच्चीवर गेला. धोतरावर तांदूळ पसरला होता, काकाजी तो पायानं फिरवत होते, आणि शेक्सपिअर जाणणारा मी छत्री घेऊन कलकत्त्याचे कावळे हाकत होतो. कावळे ऐकत नव्हते. निघायच्या सकाळी काकाजींनी एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "चावून पाहा." मी चावला. कडक होता.

"वाळला," मी म्हणालो.

"तुम्ही म्हनता तर वाळला," ते म्हणाले. माझ्या शब्दावर त्यांनी मान्य केलेली ही एकच गोष्ट.

ते परत आले तेव्हा मृग लागायचा होता. भर दुपारी ओट्यावर येऊन बसले. काकूजींनी पाणी दिलं. मी खोलीतून धावलो.

"भेटला?"

"भेटला. बॉयलरपाशी होता. मले पाहून म्हनला, पागोटं तेच हाये का गा?"

"मग?"

"त्याच्या घरी गेलो. बायको तथचीच हाये, बोलत नाई, हसते. तिनं तांदूळ शिजवला. मी पहिला घास काढला. दुसरा हातात घेतला, आन् म्हनलो, लहान्या, मी पाह्यलं नव्हतं."

ते पाणी प्यायले.

"थो म्हनला, मले माहीत हाये. कसं माहीत, म्हनलो. तर म्हनला, तू झोपला होता. मी तुह्या खाटेजवळून गेलो कुदळ घेऊन. धुरा मीच फोडला."

काकूजींनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मी म्हनलो, मग गेला कायले? तर म्हनला, फोडला म्हून नाई गेलो. ते चावडीत कबूल करायलेच आलो होतो. तूच आधी 'मी पाह्यलं' म्हनला. मी खरं बोललो तर मोठा भाऊ पंचांपुढे खोटा पडते, आन् खोट्याच्या हातचा घास गिळेना, म्हनला."

मी हुशारी केली. "म्हणजे काकाजी, तुमचं बरोबरच होतं. उगाच इतकी वर्षं जुना तांदूळ खाल्लात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिलीच्या पोरानं पाढा चुकवल्यावर मास्तरानं पाहावं तसं.

"मास्तर, थो फोडला हे मले आता माहीत झालं. तवा माहीत नव्हतं. तवा मी खोटाच होतो."

"दोघं एकाच मायचे," काकूजी म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

त्या वर्षी निरोप आला, 'तुम्ही खा.' पुढच्या वर्षीही आला. काकाजींनी नवं खाल्लं, आणि सवय नसल्यानं पोट बिघडून आठवडाभर ओट्यावर दिसले नाहीत. माझ्या जुन्या सिद्धांताला तेवढा आधार मिळाला.

मग लढाई आली. रंगून गेलं, सयाम जपानच्या बाजूला गेला, टपाल बंद झालं. बँकॉकवर बाँब पडतात असं वर्तमानपत्रात यायचं. मी ते काकाजींना वाचून दाखवत नसे. दिवाळी सरली, गाड्या आल्या. गल्लीत सगळे धरून चालले होते की निरोप नाही, म्हणजे आता ढोलीचं तोंड लिंपणार आणि म्हातारा पुन्हा जुन्यावर जाणार.

काकाजी पोत्याशी गेले. मुठीत तांदूळ घेतला, एक दाणा चावला आणि काकूजींना म्हणाले, "वाळला. शिजव."

"निरोप कोठी आला?"

"थो तथी सांगतला होता. आता दर साली खाय, निरोपाची वाट नको पाहू. मी कानानं ऐकलं."

सयामी शिक्का त्यांनी परत जिना चढून वाचून घेतला होता. भावानं दिलेला हा परवाना त्यांनी इतके दिवस कुणाला दाखवलाही नव्हता.

आम्हालाही जेवायला बोलावलं. पळसाची पत्रावळ. पहिला घास वाडवडिलांचा, पानाबाहेर. दुसरा घास त्यांनी हातात घेतला आणि शेजारी मांडलेल्या रिकाम्या पत्रावळीवर ठेवला, ताज्या भाताचा, वाफ निघत असलेला.

माझी जीभ नको तेव्हा चालते. मी हळूच म्हणालो, "काकाजी, तिकडचं फार वाईट ऐकतो. भाऊ... आहेत ना?"

"मी पाह्यलं नाई," काकाजी म्हणाले, आणि जेवायला लागले.